काळुरामची उभी पराणी

मंगळवार, ता. १३ मार्च १८९४. ठाणे.

सकाळी चर्चमध्ये मिस्सा. मुंब्र्याला भाचीकडे जाऊन आले; तिच्या धाकट्याचा ताप उतरला आहे. परतताना सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कळव्याच्या मिठागरांतील बांधाच्या रस्त्यावर अपघात. आमचा टांगा डाव्या बाजूने चालला होता. समोरून मिठाच्या गोण्यांची बैलगाडी रस्त्याच्या मधोमध आली. गाडीवानाने आम्हांस धमकावण्यासाठी बैल टोचायची पराणी उगारली व ओरडला. टांगेवाल्याने घोड्यास चाबूक मारला. गाडीच्या चाकाच्या मधला तुंबा आमच्या चाकात अडकला व टांगा बांधाखाली उलटला. मी चिखलात पडले. गुडघा खरचटला, चष्मा शाबूत. टांगेवाला टांग्याखाली सापडला. गाडीवानाने उडी मारून एकट्याने टांगा उचलला, आपल्या गोण्या चिखलात लोटून दिल्या व टांगेवाल्यास आणि मला गाडीत घालून इस्पितळात आणले. वाटेत एक शब्द बोलला नाही. लुगडे भिजत घातले.

ही नोंद मी जशीच्या तशी उतरवली आहे. तिच्यातल्या दोन शब्दांनी एका माणसाला तुरुंगात पाठवले. ते दोन शब्द माझे होते. आज या गोष्टीला पाच वर्षे झाली.

टांगेवाला परशुराम तिसऱ्या दिवशी वारला. तो पुण्याच्या लष्कर भागात टांगा हाकत असे आणि ठाण्यात येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. हसऱ्या तोंडाचा, घोड्याशी बोलणारा माणूस. त्या दिवशी जाताना त्याने मला विचारले होते, "बाईसाहेब, इकडं लोक मधूनच गाड्या हाकतात की काय? पुण्यात असं केलं तर शिपाई कान धरतो." मी त्याला म्हटले होते, "इथे सगळेच असे." मला इथे तीस वर्षे झाली होती, आणि 'इथे सगळेच असे' याहून अधिक मी त्या रस्त्याविषयी काहीही जाणत नव्हते.

फौजदार चौकशीला आला तेव्हा मी त्याला म्हटले, "सांगायचे काय? लिहूनच ठेवले आहे." आणि रोजनिशी त्याच्या हाती दिली. मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करते. मुंबईच्या कॉन्व्हेंटात आम्हांला शिकवणाऱ्या मदरनी सवय लावली होती की निजण्यापूर्वी दिवस लिहून काढायचा, आणि लिहिताना डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे, मनाला वाटले ते नाही. चाळीस वर्षांत मी एक दिवस चुकवला नव्हता. माझे यजमान जिल्हा कचेरीत होते, ते थट्टेने म्हणत, "सरकारी दप्तरात चूक सापडेल, हिच्या वहीत सापडायची नाही."

गाडीवानाचे नाव काळुराम. डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा आगरी, वय पंचेचाळीसच्या आसपास. नक्की त्यालाही ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षे मिठागरात मीठ ओढले, मग तळपाय फाटून चालता येईना तेव्हा सासऱ्याची गाडी हाकू लागला. कळव्याचे मीठ कल्याणच्या बाजारात न्यायचे आणि रिकामे परतायचे, एवढाच त्याचा रस्ता. मुंबई त्याने पाहिली नव्हती. कोर्टही नव्हते.

मंगळवार, १७ एप्रिलला मॅजिस्ट्रेटपुढे खटला उभा राहिला. साहेब इंग्रज, तरुण, सभ्य. मला बसायला खुर्ची दिली. माझ्याकडून शपथ घेतली आणि एवढेच विचारले, की हे अक्षर तुमचे का, आणि लिहिले ते खरे का. मी "होय" म्हणाले. मग कारकुनाने ती नोंद 'मी चिखलात पडले' इथपर्यंत वाचली. पुढचे, गोण्या लोटल्याचे आणि इस्पितळात आणल्याचे, अपघातानंतरचे म्हणून सोडून दिले. मला ते खटकले. पण खुर्चीत बसून मध्येच बोलावे की नाही ते कळेना, आणि मी गप्प राहिले.

काळुरामच्या बाजूने वकील नव्हता. साहेबांनी कारकुनामार्फत त्याला विचारले, "तू पराणी उगारलीस हे खरे का?"

काळुरामचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ तो मान खाली घालून उभा होता.

"हो साहेब! वर केली हुती. बायनी लिवलाय ते खरा हाय. दोन शेतं लांबून वर केली."

"टांगा जवळ येईपर्यंत?"

"पार जवल येयपत. हात भरून आला पन खाली नाय घेतली."

"आणि ओरडलास?"

"ओरडलू. चार येला ओरडलू."

"गाडी डाव्या बाजूला का घेतली नाहीस?"

काळुरामने कारकुनाकडे असे पाहिले, की जणू याला वेड लागले आहे. "भरलेली हुती," तो म्हणाला.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. इतकी सरळ कबुली त्यांना क्वचितच मिळत असावी. त्यांनी निकाल तिथल्या तिथे सांगितला: रस्ता सर्वांचा आहे, भरली असो की रिकामी, प्रत्येक गाडीने डाव्या बाजूने गेले पाहिजे, आरोपी मधोमध आला, समोरच्याला काठी दाखवून रस्ता सोडायला लावू पाहत होता, हे एका विश्वसनीय साक्षीदाराने त्याच दिवशी लिहून ठेवले आहे आणि आरोपीला ते मान्य आहे. बेदरकारपणे गाडी हाकून मृत्यू घडवल्याबद्दल एक वर्ष सक्तमजुरी.

कारकुनाने ते मराठीत सांगितले, पण भराभर. काळुरामने साहेबांना हात जोडले, कारकुनाला जोडले, मलाही जोडले, आणि मुंडासे उचलून दाराकडे निघाला. शिपायाने त्याचे कोपर धरले.

"आवो, सोरा," काळुराम त्याला समजावीत म्हणाला. "बैल उन्हात हायेत."

तो सुटला असे समजून घरी निघाला होता.  शिपाई हसला नाही. त्याने त्याला मागच्या दाराने नेले.

आवारात त्याची बायको आवडाबाई गाडीजवळ उभी होती. मी तिच्यापाशी गेले. का गेले ते सांगता येत नाही. ती रडेल, पाया पडेल, असे मला वाटले होते. ती माझ्या अंगावरच आली.

"तूच ना ती लिवनारी बाय? काय लिवलास गो तू?"

"जे पाहिले तेच लिहिले."

"काय पायलास?"

"त्याने काठी उगारली."

"मंग?" ती म्हणाली. "काठी वर केली नसती तं दोस. केली म्हनून दोस? ह्यो कनचा न्याय?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनेही माझ्याकडे पाहिले, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आले की मला खरेच काही कळत नाही. मग मुलाला सांगावे तसे तिने मला सांगितले. मिठागराचा बांध दीड गाडी रुंदीचा. कडेची माती भुसभुशीत. भरल्या गाडीचे चाक कडेला गेले की बांध ढासळतो आणि गाडी बैलांसकट खाली जाते. म्हणून भरली गाडी मधोमध चालते आणि रिकामी वाट देते. दर दोनतीनशे पावलांवर खाली जायला उतार केलेले आहेत. भरल्या गाडीवाल्याने लांबूनच पराणी डोक्यावर सरळ उभी धरायची. समोरच्याने ती पाहिली की उतारावर थांबायचे. पराणी उभी म्हणजे 'भरलेली हाय, संबाल.'

"खाली घेतली तं रिकामी समजतात," ती म्हणाली. "म्हनून हात दुखला तरी खाली घ्येवाची नाय. समद्या दुनियेला म्हाईत हाय."

समद्या दुनियेला ठाऊक होते. परशुरामला ठाऊक नव्हते, साहेबांना नव्हते, आणि मला नव्हते. चाळीस वर्षे वहीत चूक न करणाऱ्या बाईने उभी काठी पाहिली आणि उगारलेली लिहिली. डोळ्यांनी काठी पाहिली होती. 'धमकावण्यासाठी' हे डोळ्यांना दिसत नाही. 

"मला दाखवशील?" मी विचारले.

गुरुवारी ती मला घेऊन गेली. नवरा तुरुंगात म्हणून गाडी तीच हाकू लागली होती, आणि बाई गाडी हाकते म्हणून लोक थांबून पाहत. गोण्यांवर पोते टाकून तिने मला बसवले. बैलांची नावे चांद्या आणि मोगऱ्या. बांधावर चढताच तिने पराणी उभी धरली. खाली दोन्ही बाजूंना पांढरे आगर उन्हात असे चमकत होते की डोळे उघडवेनात. पहिली रिकामी गाडी शंभर पावलांवरून उतारावर गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या गाडीवर गणू नावाचा त्यांच्याच गावचा एक थोराड माणूस होता.

"काय वयनी," तो उतारावरून ओरडला, "दादा आत न तू मालकीन?"

"दात काय काढतंस? घे गारी खाली. भरलेली हाय."

"घेतली, घेतली. पन ती काठी खाली कर बाय, नाय तं उद्या तुला बी धरून नेतील!" मग त्याला गोण्यांवर मी दिसले असेन, तो घाईने म्हणाला, "ही कोन?"

"लिवनारी," आवडाबाई म्हणाली.

गणूचे हसू गेले. त्याने मुंडाशाला हात लावला नाही, रामराम केला नाही. आमची गाडी पुढे जाईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. कोर्टात मला खुर्ची मिळाली होती. त्या बांधावर मी कोण होते ते त्याच्या नजरेने सांगितले.

त्याच संध्याकाळी मी अण्णा वकिलांकडे गेले. यजमानांच्या वेळेपासून त्यांचे आमच्याकडे येणे-जाणे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही शपथेवर सांगितलेत की लिहिले ते खरे. आता म्हणणार खोटे? तुमच्यावरच खटला होईल."

"खोटे म्हणत नाही, अण्णा. दोन शब्द परत घेते."

"शब्द परत घ्यायला ते काय बाजारातलं कापड आहे? आणि चालीरीतीचं म्हणाल तर कोर्ट विचारणार, ही चाल लिहिली कुठं आहे?"

"त्याने गोण्या लोटून आम्हांला इस्पितळात आणले, ते तर लिहिले आहे. तेच वाचले नाही."

अण्णांनी मान वर केली. "काय म्हणालात? ते त्याच पानावर आहे?"

"त्याच पानावर. पुढच्याच ओळीत."

"अरे देवा," अण्णा म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. "द्या इकडं ती वही."

अपील सेशन्स कोर्टात दाखल झाले. सुट्टी मध्ये आली. त्या सहा आठवड्यांत मी आवडाबाईला चार वेळा भेटले आणि काळुरामविषयी जे लिहिते आहे ते बहुतेक तिच्याकडूनच कळले. वाटेत म्हातारे माणूस चालताना त्याला पाहवत नसे. गोण्यांवर बसवून घेई आणि मग दोन कोस त्याच्याशी बोलतही नसे. बैलांना मारत नसे. पराणीची आर, म्हणजे टोकाची लोखंडी टोचणी, त्याने काढून टाकली होती. टोकाला नुसते लाकूड होते. हे आवडाबाईने अगदी सहज सांगितले. मी जी काठी 'उगारली' म्हणून लिहिले तिला टोचायला टोकच नव्हते. पोलिसांच्या ताब्यात ती वस्तू पडून होती, आणि कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते.

"तुरुंगात कसा आहे?" मी विचारी.

"दगर फोरतो. माज्याशी बोलत नाय. एकच इचारतो, काठी वर केली हुती ना मी? म्या म्हनते, केली हुतीस. मंग गप बसतो." मग ती म्हणाली, "बाय, त्याला आता वाटाया लागलाय का आपन केलीच नाय."

हे ऐकून मला शिक्षेपेक्षाही जास्त भीती वाटली.

सोमवार, ४ जूनला अपील चालले. न्यायाधीशांनी मला पुन्हा बोलावण्याची अण्णांची विनंती मान्य केली. मला विचारले, "गाडीवानाने पराणी कशी धरली होती ते दाखवा." मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून छत्री डोक्यावर सरळ उभी धरली. कोर्टात हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत.

"ती तुमच्याकडे रोखलेली नव्हती?"

"नाही. आभाळाकडे होती."

"मग 'धमकावण्यासाठी' हे तुम्ही कशावरून लिहिले?"

"मला भीती वाटली, म्हणून," मी म्हणाले. "ते मी पाहिलेले नाही. लिहायला नको होते."

गणूने साक्ष दिली, मिठागराच्या दोघा मुकादमांनी दिली. पोलिसांकडून ती पराणी मागवली. न्यायाधीशांनी तिच्या बोथट टोकावरून अंगठा फिरवला.

काळुराम सुटला. निकालात लिहिले होते, की आरोपीने त्या रस्त्यावर सर्वांना परिचित असलेली खूण वेळेवर केली, ओरडून सावधही केले, कडेला घेणे त्याला शक्य नव्हते, आणि अपघातानंतरचे त्याचे वर्तन बेदरकार माणसाचे नाही.  पण वाचणे संपले नव्हते. मयत टांगेवाल्याने समोर जड गाडी दिसत असता घोड्यास चाबूक मारला, आणि तो थांबला असता तर वाचला असता, हेही साक्षीदाराच्या रोजनिशीवरूनच सिद्ध होते.

चाबूक त्याने मारला होता. ते मी पाहिले होते. त्या वाक्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तरी पुण्याच्या नियमाने डावीकडून चाललेला परशुराम, जो मेला, तोच आता चुकला ठरला. त्याच्या बाजूने वकील नव्हता आणि बोलायला तोंडही नव्हते. मी त्याला म्हटले होते, इथे सगळेच असे. तेही मी लिहिले नव्हते.

निकालाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. यापुढे अशी चाल बचाव म्हणून चालणार नाही, असे न्यायाधीशांनी बजावले. परक्या माणसाला उभ्या काठीचा अर्थ कळत नाही, हे या मृत्यूने दाखवले आहे. तेव्हा भरली असो वा रिकामी, प्रत्येक गाडी डाव्या बाजूनेच जाईल आणि जेथे जाता येत नाही तेथे थांबेल. दुसऱ्याच दिवशी कळव्यात दवंडी पिटली.

शुक्रवार, ८ जूनला काळुराम माझ्याकडे आला. आवडाबाई दाराबाहेर गाडीजवळ थांबली. त्याचे केस कापलेले होते, आणि तो ओटीच्या कडेला असा बसला की जणू कोणी उठ म्हणेल. मी पाणी दिले. त्याने ते सगळे प्यायले.

"काळुराम," मी म्हणाले, "तू काठी वर केली होतीस. मी पाहिले."

त्याने मान हलवली. पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाला, "बाय, एक इचारू?"

"विचार."

"उद्यापासून काठी वर करावाची नाय ना?"

"केलीस तर शिक्षा नाही. पण डावीकडून जायला हवे."

"डावीकरं बांध हाय. चाक जाल खाली."

"मग थांबायचे."

"मी थांबलू, समोरचा बी थांबला. मंग?"

मी निकालाची नक्कल आणून पाहिली. अण्णांनी मला ती वाचायला दिली होती. तीनदा वाचली. त्यात 'थांबेल' होते. त्यापुढे कोणी आधी निघायचे ते नव्हते. साहेबांचा निकाल, न्यायाधीशांचा निकाल, मुकादमांच्या साक्षी, माझी वही, सगळे मिळून एवढे कागद झाले होते, आणि बांध तेवढाच दीड गाडी रुंद होता.

"ते लिहिलेले नाही," मी सांगितले.

काळुराम प्रथमच हसला. तोंडावर हात ठेवून, बायकांसारखा. "मंग बरा हाय," तो म्हणाला. "मंग आमी आमचा बघू."

तो उठला. बाहेर आवडाबाईने त्याच्या हातात पराणी दिली. पोलिसांनी ती परत केली होती. काळुरामने ती खांद्यावर टाकली, चांद्या-मोगऱ्याच्या पाठीवर थाप मारली, आणि गाडी वळून गल्लीच्या डाव्या कडेने निघाली. इतकी कडेने, की चाक गटाराला घासत होते. मी दारात उभी राहून पाहिले. तो कड सोडत नव्हता. आवडाबाई त्याला ओरडून काहीतरी सांगत होती, पण तो ऐकत नव्हता. समोर पूर्ण रस्ता मोकळा होता.

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिले: काळुराम घरी आला, पाणी प्याला, गेला. गाडी डाव्या बाजूने. सुके बोंबील उन्हातून काढून पत्र्याच्या डब्यात भरले. झाकणाला फडके बांधले.